स्वच्छ टाकीत सोनमासा का मरतो?

दारव्हा आणि दिग्रस यांच्या मधल्या एका गावात आमचे एक जुने वर्गमित्र विज्ञान शिकवतात. गेल्या वर्षी शाळा उघडल्यावर त्यांनी आठवीच्या मुलांना हाताशी धरून प्रयोगशाळेत काचेची टाकी बसवली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. मुलांनी वर्गणी काढली आणि सरांनी नागपूरहून चार शोभेचे सोनमासे आणले. डोक्यावर मांसल टोपी असलेले दोन ओरांडा, पाठीला उंचवटा असलेला एक र्‍युकिन आणि डोळे बाहेर आलेला काळाकुट्ट ब्लॅक मूर. नवव्या दिवशी सकाळी एक ओरांडा तळाशी आडवा पडलेला सापडला. बाराव्या दिवशी टाकीत फक्त ब्लॅक मूर उरला होता.

त्या संध्याकाळी सरांचा फोन आला. "अरे, रोग म्हणावा तर अंगावर साधा डाग नाही. पाणी आरशासारखं आहे. दर शनिवारी सगळं पाणी काढून नवीन भरतो, दगड घासून धुतो, फिल्टरचा स्पंज तर रोज नळाखाली पिळतो. याहून स्वच्छ काय ठेवावं माणसानं?" मग थोडे थांबून ते म्हणाले की, त्या आठवड्यात ज्या मुलीकडे खाणे घालण्याची पाळी होती ती आता प्रयोगशाळेत यायलाच तयार नाही. आपल्या हातून मासे मेले असे तिच्या मनाने घेतले आहे.

मासे त्या मुलीच्या हातून मेले नव्हते. मुख्यतः ते त्या स्वच्छतेने मेले होते. हे आम्ही ठामपणे सांगू शकलो, कारण पदव्युत्तर शिक्षण घेताना वसतिगृहाच्या खिडकीत ठेवलेल्या गोल बरणीतला मासा आम्हीही असाच, रोज बरणी घासून, आठ दिवसांत मारला होता. आणि दोष दुकानदाराला दिला होता.

आता हिशेब मांडू. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. म्हणजे शाळेच्या टाकीत, दगडांची जागा वजा केली तर, साधारण ५० लिटर पाणी होते. मुलांनी हौसेने दिवसातून चार वेळा मिळून दोनएक ग्रॅम खाणे घातले असे धरू. माशांच्या कोरड्या खाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांच्या वजनाचा सुमारे सहावा भाग नायट्रोजन असतो. दोन ग्रॅम खाण्यातून रोज १२८ मिलिग्रॅम नायट्रोजन टाकीत गेला. त्यातला निम्मा जरी अमोनियाच्या रूपाने पाण्यात आला, तरी दर लिटरला रोज १.३ मिलिग्रॅमची भर पडते. सहा दिवसांत जवळजवळ ८ मिलिग्रॅम! हा अमोनिया विष्ठेतूनच येतो असा समज असतो. प्रत्यक्षात मासा तो बहुतांशी कल्ल्यांवाटे, श्वास घेता घेता सोडत असतो. आपण अमोनियाचे युरियात रूपांतर करून तो मूत्रावाटे टाकतो, कारण आपल्याला पाणी जपून वापरावे लागते. माशाभोवती पाणीच पाणी असल्यामुळे त्याला ही खटपट करावी लागत नाही. तळ्यातल्या माशाला हे परवडते. पन्नास लिटरमधल्या माशाला ते परवडत नाही.

विरघळलेल्या अमोनियाला रंग नसतो, आणि एवढ्या प्रमाणात त्याचा वासही जाणवत नाही. म्हणूनच आरशासारखे पाणी फसवे ठरते.

इथे सामूचा प्रश्न येतो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक विद्युतभारित अमोनियम आयन, जो कल्ल्यांच्या पटलातून सहज आत शिरत नाही. आणि दुसरा मोकळा अमोनिया वायू, जो शिरतो आणि घातक असतो. दोघांमध्ये समतोल असतो आणि तो सामू व तापमानावर ठरतो. पाणी ३० अंश सेल्सियसला असेल आणि सामू ७ असेल तर हजार भागांतले फक्त ८ भाग घातक रूपात असतात. सामू ८ झाला की ७५ भाग. साडेआठला सुमारे २०० भाग. दहावीच्या वर्गात सामूची मोजपट्टी शिकवताना 'एक अंक म्हणजे दहापट' हे वाक्य आपण फळ्यावर लिहितो. इथे ते अगदी जिवावर बेतते.

यवतमाळ जिल्ह्यातले विहिरीचे आणि बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी दुष्फेन आहे. बहुतांश जिल्हा दख्खनच्या काळ्या कातळावर आहे, वणीच्या बाजूला चुनखडकही आहे. या खडकांतून झिरपलेले पाणी किंचित अल्कधर्मी असते. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, अशी तक्रार घरोघर ऐकू येते. सरांनी अमोनिया आणि सामू मोजण्याचे थेंब मागवले, तेव्हा परीक्षानळीतले पाणी दर लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खुणेपलीकडचे गडद हिरवे झाले आणि सामू ८.२ निघाला. पावसाळी उकाड्यात पाणी ३० अंशांच्या आसपास होते. म्हणजे एकूण अमोनियाचा दहावा भाग घातक रूपात, दर लिटरला ०.४ मिलिग्रॅम. ०.०५ मिलिग्रॅमच्या वर गेले की कल्ल्यांना इजा होऊ लागते असे धरले जाते. (अमोनियाच्या चाचणीसाठी शाळेच्या कपाटात जुना नेसलर द्राव असला तरी मुलांच्या हाती देऊ नये. त्यात पारा असतो. दुकानात मिळणारी सॅलिसिलेटची चाचणी पुरेशी आहे.)

मग नदीतले, तळ्यातले मासे का मरत नाहीत? भरपूर पाणी हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे उत्तर जीवाणूंचे आहे. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करून त्यावर जगणारे जीवाणू विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी आपण पाठ्यपुस्तकात वाचली आहे. त्यात आता दुरुस्ती करायला हवी. १९९८ साली असे दिसून आले की, गोड्या पाण्याच्या मत्स्यपेटीत दुसरी पायरी मुख्यतः नायट्रोस्पायरा हा जीवाणू पार पाडतो. २०१५ साली तर दोन्ही पायऱ्या एकट्याने उरकणारे नायट्रोस्पायरा सापडले, आणि त्यांतले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच मिळाले. एकाचे काम दोघांत वाटलेले असते हे शंभर वर्षांहून अधिक काळ मानले गेलेले सूत्र अशा एका गाळणीत बदलले, ही गोष्ट वर्गात जरूर सांगण्यासारखी आहे.

हे जीवाणू पाण्यात तरंगत नाहीत. दगडांवर, काचेवर आणि सर्वांत जास्त स्पंजच्या छिद्रांत बुळबुळीत थर करून राहतात. त्यांची वाढ फार संथ. प्रयोगशाळेतला ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना दुप्पट व्हायला बहुधा अर्धा ते एक दिवस लागतो. त्यामुळे नवी टाकी 'मुरायला' तीन ते सहा आठवडे जातात. आता सरांचे वेळापत्रक पाहा. रोज स्पंज नळाखाली पिळायचा म्हणजे जे काही जीवाणू जमले ते मोरीत जाणार. शिवाय ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडरीचा क्लोरीन असतो. तो जीवाणूंना मारतो आणि आधीच पोळलेल्या कल्ल्यांनाही पोळतो. शनिवारी दगड घासून उरलेसुरले जीवाणू संपले आणि सोमवारी पहिला ओरांडा गेला.

ब्लॅक मूरला वाचवायचे तर रोज निम्मे पाणी बदलणे आणि खाणे जवळजवळ बंद करणे एवढेच हाती होते. नवे पाणी उघड्या टबात एक दिवस ठेवून, किंवा घाई असेल तर बादलीत हायपोचे दोन-तीन खडे विरघळवून, क्लोरीन घालवायचा. पुढे नायट्राइट वाढू लागले तेव्हा दर लिटरला एक ग्रॅम साधे मीठ घातले. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता नष्ट करते, रक्त तपकिरी पडते. मिठातला क्लोराइड आयन कल्ल्याच्या त्याच दारातून आत जातो आणि गर्दी करून नायट्राइटला बाहेर ठेवतो. नायट्रेट जास्त असलेल्या विहिरीचे पाणी तान्ह्या मुलांना का देऊ नये, त्यामागेही हिमोग्लोबिनचा हाच बिघाड असतो.

दिवाळीनंतर सरांनी दुसरी टाकी नीट सुरू केली, आणि तीही मासे न आणता! प्रयोगशाळेतला नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, ५० लिटरला ०.४ ग्रॅम घातला की दर लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन होतो. कल्हईवाल्याकडचा नवसागरही तोच, पण त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. विरजण म्हणून पहिल्या टाकीतल्या स्पंजचा तुकडा टाकला. मुलांनी एक दिवसाआड मोजमाप करून वहीत आलेख काढला. आधी अमोनियाची रेषा चढली नि उतरली, तिच्या मागून नायट्राइटची, आणि दोन्ही शून्यावर येईस्तोवर नायट्रेट चढत राहिले. ती मुलगी आलेख काढणाऱ्यांत होती. सर सांगत होते की, स्पंज नळाखाली धुऊ पाहणाऱ्या एका मुलाला तिने चांगलेच झापले. स्पंज आता टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत, महिन्यातून एकदा, हलकासा पिळतात.

दुष्फेन पाण्याची इथे एक जमेची बाजू दिसली. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते आणि ते शमवायला सुमारे सात मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता खर्ची पडते. पावसाच्या सुफेन पाण्यात ती चटकन संपते, सामू घसरतो आणि जीवाणूंचे काम थंडावते. आपल्या विहिरीच्या पाण्यात तिचा साठा मोठा. डाळीला नडणारे पाणी जीवाणूंना मानवते.

आता थोडे माशाविषयी. सोनमासा हा कार्प कुळातला, धरणांत सोडतात त्या सायप्रिनसचा नातलग. चीनमधल्या करड्या-हिरवट रानमाशात अधूनमधून केशरी पिल्ले निपजत. सोंग राजवटीत ती तळ्यांत मुद्दाम पाळली गेली, मिंग राजवटीत घरातल्या भांड्यांत आली. रान तळ्यात जो वेडावाकडा मासा बगळ्याने पहिल्यांदा टिपला असता, तो भांड्यात सुरक्षित राहिला आणि माणसाने त्याचीच पैदास केली. डार्विनने १८६८ च्या पाळीव प्राण्यांवरच्या ग्रंथात सोनमाशाच्या या विविधतेची दखल घेतली आहे.

दुहेरी शेपटीचेच पाहा. कॉर्डिन नावाचे जनुक गर्भाची पाठ कोणती आणि पोट कोणते हे ठरवण्यात भाग घेते. ते बिघडले तर बहुतेक माशांचा गर्भ धड वाढत नाही. पण सोनमाशाच्या पूर्वजात, सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी, सगळी जनुके एकदा दुप्पट झाली. म्हणूनच त्याची गुणसूत्रे १०० आहेत, झेब्रा माशाच्या ५० च्या दुप्पट. कॉर्डिनच्या दोन प्रती असल्यामुळे एक बिघडली तरी दुसरी डोके-धड सांभाळते, आणि बिघाड फक्त शेपटीत दिसतो: एकाऐवजी दोन शेपट्या. हे तैवानच्या अकादेमिया सिनिकातील संशोधकांनी २०१४ साली दाखवले. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या हौशी लोकांनी, जनुक हा शब्दही नसताना, नेमके हे उत्परिवर्तन जपले होते.

या हौसेची किंमत मासा देतो. लांबट शरीराचा साधा सोनमासा किंवा कॉमेट झपाट्याने पोहतो. आखूड, गोल शरीरात आतडी आणि दोन कप्प्यांचा वाताशय दाटीने बसतात. म्हणून र्‍युकिन किंवा रांचू कधीकधी उलटा होऊन तरंगतो. सोनमाशाला जठर नसते, त्यामुळे थोडे थोडे आणि भिजवलेले खाणे बरे. उकडून सोललेला मटारदाणा, पालकाचे पान हेही तो आवडीने खातो. डोळ्यांखाली पाण्याचे फुगे असलेला बबल आय जातीचा मासा मात्र शाळेत आणूच नये असे आमचे मत आहे. टोकदार दगडाने तो फुगा फुटतो, आणि आठवीच्या वर्गाला ते पाहायला लागू नये. गोल बरणीबद्दलही आमचे मत तितकेच कडक आहे. इटलीतील रोम शहराने २००५ साली सोनमासा बरणीत ठेवायला बंदीच केली. बरणी गळ्यापर्यंत भरली की हवेला भिडणारा पृष्ठभाग सर्वांत लहान होतो, आणि प्राणवायू येतो तो तिथूनच.

प्राणवायूचा विषय निघाला की आपल्याकडे उन्हाळा आठवतो. १५ अंशांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे १० मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांना जेमतेम ७. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच असल्याने त्यातलेही पाचएक टक्के कमी धरायचे. उलट शीतरक्ती माशाची प्राणवायूची गरज दर १० अंशांना साधारण दुप्पट होते. पत्र्याच्या खोलीत, मेच्या दुपारी वीज गेली आणि एअर पंप थांबला, की मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात. तेव्हा मगाने टाकीतलेच पाणी उंचावरून परत ओतत राहणे हा पहिला उपाय.

गंमत अशी की, हाच मासा प्राणवायूशिवाय जगण्याच्या कलेत जगातल्या मोजक्या पृष्ठवंशीयांपैकी एक आहे. १९८० साली कॅनडातील दोन शास्त्रज्ञांनी दाखवले की, प्राणवायू संपला की सोनमासा स्नायूंत साचणाऱ्या लॅक्टिक आम्लाचे अल्कोहोल करतो आणि ते कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतो. युरोपातल्या गोठलेल्या तळ्यांत त्याचा भाऊबंद क्रुशियन कार्प असाच महिनोन्‌महिने काढतो. त्याच्या रक्तात दर १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल आढळले आहे. आपल्याकडे वाहनचालकासाठी मर्यादा ३० ची आहे! २०१७ साली यामागचे विकरही कळले. ते जनुकांच्या त्याच जुन्या दुपटीतून आलेल्या जादा संचाचे काम आहे. दोन शेपट्या आणि ही दारूभट्टी यांचे मूळ एकच. पण ही युक्ती बर्फाखालच्या पाण्यात, चयापचय मंद असताना चालते. ३५ अंशांच्या टाकीत मासा इतक्या वेगाने साठा संपवतो की तिचा उपयोग होत नाही.

त्यामुळे टाकी थंड ठेवणे भाग आहे, आणि त्याची युक्ती आपल्या माठात आहे. एक ग्रॅम पाण्याच्या वाफेसाठी सुमारे ५८० कॅलरी लागतात. १०० लिटरच्या टाकीतून एक लिटर पाणी उडाले तर उरलेले ९९ लिटर, बाहेरून उष्णता आली नाही असे धरल्यास, जवळजवळ ६ अंशांनी थंड होईल. बाहेरून ती येत राहते. तरीही झाकण काढून जाळी लावली आणि पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला, तर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ३-४ अंश सहज उतरतात. बाजूने ओले गोणपाट लावले तर आणखी थोडे. जुलैच्या दमट हवेत ही युक्ती फारशी चालत नाही, हेही मुलांनी मोजून पाहावे. उडालेल्या पाण्याइतके नुसते नवे पाणी घालत राहिले तर क्षार मागे साठत जातात, हे लक्षात ठेवावे. सकाळी आणि दुपारी, तापमान नोंदवून, माशाच्या कल्ल्याचे झाकण मिनिटाला किती वेळा उघडते ते मोजण्याचा प्रयोग फुकटचा आणि निरुपद्रवी आहे.

पाण्याचा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणे आटत आली आणि यवतमाळकरांनी टँकरपुढे रांगा लावल्या, तेव्हा टाकीसाठी आठवड्याला पंधरा लिटर पाणी काढणे कोणालाही खटकले असते. आमचे म्हणणे असे की, ते पाणी वाया जात नाही, जाऊ देऊ नये. त्यात विरघळलेले नायट्रेट हे झाडांचे खतच आहे. सरांच्या शाळेत ते कढीपत्त्याला आणि पपईला जाते. ज्या गावात पिण्याचेच पाणी विकत घ्यावे लागते, तिथे शाळेने मासे आणू नयेत. आणि मासे नकोसे झाले म्हणून ते बेंबळ्यात किंवा अरुणावतीत सोडू नयेत. ऑस्ट्रेलियाच्या व्हॅस नदीत असे सोडलेले सोनमासे वाढून जवळजवळ दोन किलोचे झाले आहेत.

उन्हाळ्याच्या सुटीत टाकी सरांच्या घरी येते. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तोवर ती त्यांच्या ओसरीत, उत्तरेच्या भिंतीला असते. सरांना लग्नाला चार-पाच दिवस गावाला जायचे झाले तर ते खाणे घालायला कोणालाही सांगत नाहीत. धष्टपुष्ट सोनमासा आठवडाभर उपाशी राहू शकतो. शेजाऱ्याच्या मायेपासून त्याला जास्त धोका असतो.

परवा सरांचा पुन्हा फोन आला. ब्लॅक मूरच्या पोटाशी सोनेरी झाक दिसू लागली आहे. मुलांना वाटले, बुरशी. तसे नाही. सोनमाशाची पिल्ले जन्मतात ती मळकट तपकिरी असतात. पुढे त्यांच्या त्वचेतल्या काळ्या रंगद्रव्याच्या पेशी नाहीशा होतात तेव्हा खालचा केशरी रंग उघडा पडतो. काही ब्लॅक मूरमध्ये हे वर्ष-दोन वर्षांनी घडते, उबदार पाण्यात तर अधिकच. दिवाळीपर्यंत तो पूर्ण केशरी होतो की निम्मा काळा राहतो, यावर आता वर्गात पैज लागली आहे. ती मुलगी दर सोमवारी कागदावर माशाची बाह्यरेषा काढून काळा भाग पेन्सिलीने भरून ठेवते.